बाबासाहेब आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी

मे १९२७. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन जेमतेम दीड महिना उलटला होता. त्या धगधगत्या दिवसांत ठाणे जिल्ह्यातील बदलापूर या लहानशा गावाने शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षपद डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना दिले आणि ३ मे रोजी ते तेथे आले. कोकणातच पाण्याच्या एका ओंजळीवरून डोकी फुटली होती. त्यामुळे शिवरायांच्या उत्सवाला अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. बदलापूरकर आजही हा प्रसंग अभिमानाने सांगतात.

ते बदलापूर आता ओळखू येणार नाही इतके बदलले आहे. बेलवली, कुळगाव, मांजर्ली ही एकेकाळची स्वतंत्र गावे एकाच नगरपरिषदेच्या हद्दीत आली, भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आणि पहाटेच्या लोकलला नोकरदारांबरोबर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचीही गर्दी होऊ लागली. बारावीची वेस ओलांडून उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली किंवा थेट मुंबई गाठणाऱ्या या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. तेथे त्यांच्या वाट्याला बहुधा येतो तो शे-सव्वाशे जणांचा वर्ग, फळ्याकडे तोंड करून चाललेले व्याख्यान, झेरॉक्सच्या दुकानातील नोट्स आणि परीक्षेच्या तोंडावर घेतलेला अपेक्षित प्रश्नसंच. दहा-पंधरा विद्यार्थी आणि एक अध्यापक समोरासमोर बसले आहेत, विद्यार्थ्याने स्वतः वाचून निबंध लिहिला आहे, इतर त्यावर शंका काढत आहेत आणि अध्यापक ते ऐकून घेत आहेत, असे दृश्य पदव्युत्तर वर्गातही विरळाच. पहिल्या वर्षाला तर ते परवडणारे नाही, असेच गृहीत धरले जाते.

बदलापूरच्या उत्सवाला आलेल्या त्या पाहुण्याने हे गृहीत त्याच सुमारास धुडकावून लावले होते. राज्यघटनेचे शिल्पकार, अस्पृश्यांचे मुक्तिदाते, अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित ही त्यांची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. विद्यापीठातील शिक्षण कसे असावे याविषयी अत्यंत बारकाईने विचार करणारे शिक्षक ही त्यांची ओळख मात्र काहीशी मागे पडली आहे. त्या विचाराचे मूळ त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत होते.

वर्गाबाहेरचा विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यात झाले. शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचे, हा तेथला शिरस्ता होता. पुढे वडील रामजी सकपाळ यांनी बिऱ्हाड मुंबईला हलवले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. मुलाला अभ्यासासाठी पहाटे दोन वाजता उठवायचे आणि त्यासाठी तोवर स्वतः जागत राहायचे, असा रामजींचा परिपाठ असे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले म्हणून त्यांनी पर्शियन घेतले. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे हा तेव्हा सभा भरवून साजरा करावा असाच प्रसंग होता. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले.

तेथील दिवस कसे होते? इंग्रजीचे प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तके आणि कपडेही देत, एवढा जिव्हाळा त्यांना लाभला. मात्र महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा वा पाणी देत नसे. शिकण्याची पद्धत म्हणावी, तर ती सर्वांसाठी एकच होती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर स्थापन झाले ते मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. अभ्यासक्रम ठरवावा, प्रश्नपत्रिका काढाव्यात, निकाल लावावेत आणि पदव्या द्याव्यात. शिकवणे हे संलग्न महाविद्यालयांचे काम. साहजिकच महाविद्यालयातील अध्यापन परीक्षेच्या दावणीला बांधले गेले. व्याख्यान ऐकावे, टिपणे उतरवावीत, पाठ करावीत आणि उत्तरपत्रिकेत ओतावीत, या चाकोरीतून भीमरावही गेले आणि १९१२ मध्ये इंग्रजी व पर्शियन हे विषय घेऊन बी. ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. हा विद्यार्थी पुढे असामान्य ठरेल, असे त्या गुणपत्रिकेवरून कोणालाही म्हणता आले नसते.

फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे छत्र हरपले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबियातील मेज

कोलंबिया विद्यापीठ तेव्हा अमेरिकेतील सामाजिक शास्त्रांचे एक अग्रगण्य केंद्र होते. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई, समाजशास्त्राचे फ्रँकलिन गिडिंग्ज, इतिहासाचे जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल, मानववंशशास्त्राचे अलेक्झांडर गोल्डनवायझर अशी मंडळी तेथे शिकवत होती. अध्यापनाची एक निराळी रीतही तेथे रुजली होती. ती रीत म्हणजे सेमिनार.

सेमिनारचा जन्म जर्मन विद्यापीठांतला. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये लिओपोल्ड रांके हे इतिहासकार निवडक विद्यार्थ्यांना जवळ बसवून मूळ कागदपत्रांची छाननी करवून घेत. जर्मनीत शिकून परतलेल्या अमेरिकी अध्यापकांनी ही पद्धत आपल्याकडे नेली. सेलिग्मन स्वतः बर्लिन आणि हायडेलबर्ग येथे शिकलेले. या पद्धतीत अध्यापक सांगतो आणि विद्यार्थी लिहून घेतो हा क्रम उलटतो. विद्यार्थ्याने विषय निवडायचा, आधीच्या अभ्यासकांनी काय म्हटले आहे ते मुळातून वाचायचे, आपले म्हणणे निबंधात मांडायचे आणि सहाध्यायांच्या व गुरूंच्या समोर ते वाचायचे. मग प्रश्न सुरू होतात. आधार कोणता, व्याख्या नेमकी काय, उलट पुरावा आढळला तर काय करणार, या प्रश्नांना उत्तरे देता देता विद्यार्थ्याला स्वतःच्या विचारातील फटी दिसू लागतात.

आयुष्यभर वर्गाच्या कडेला बसवल्या गेलेल्या तरुणाला या वर्गात सर्वांबरोबर जागा मिळाली, याचे मोल वेगळे सांगायला नको. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक धडेही गिरवले. पदवीसाठी आवश्यक तेवढेच करावे हा हिशेब या यादीत कोठेच दिसत नाही. पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मोठा ग्रंथसंग्रह जमवला. १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधाला एम. ए.ची पदवी मिळाली.

९ मे १९१६

या शिक्षणाचे सर्वांत ठळक फळ ९ मे १९१६ रोजी दिसले. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींची रचना, उत्पत्ती आणि विस्तार या विषयावर निबंध वाचला. पुढल्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्गात वाचण्यासाठी लिहिलेला हा विद्यार्थ्याचा निबंध शंभर वर्षांनंतरही जातिसंस्थेच्या अभ्यासकांना टाळता येत नाही.

त्याची मांडणी पाहिली की सेमिनारने काय शिकवले ते कळते. आरंभी त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवल्या आणि एकेकीचे गुणदोष तपासले. यांतील श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशामुळे अमर झालेले ज्ञानकोशकार. त्यांनीही न्यूयॉर्क राज्यातल्याच कॉर्नेल विद्यापीठात शिकून भारतातील जातींच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला होता. एका मराठी अभ्यासकाच्या ग्रंथाची चिकित्सा दुसरा मराठी विद्यार्थी अमेरिकेतल्या वर्गात करत होता, हा योग विलक्षणच. जातीचा विचार सुटा न करता संपूर्ण जातिव्यवस्थेच्या संदर्भात करावा, हा केतकरांचा मुद्दा आंबेडकरांनी मोकळेपणाने वाखाणला. मात्र आंतरजातीय विवाहाला बंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे दाखवून दिले.

तेथून त्यांनी आपला सिद्धान्त उभा केला. गटाबाहेर लग्न न करण्याचा नियम हाच जातीचा गाभा. तो टिकवायचा तर गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समान राहायला हवी. जोडीदाराच्या मृत्यूने हे प्रमाण बिघडते, आणि ते सावरण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या. एका वर्गाने स्वतःची दारे लावून घेतली, इतरांनी त्याचे अनुकरण केले आणि जाती पसरल्या. जातिव्यवस्थेचा पाया स्त्रीच्या बंधनात आहे, हे त्यांनी पंचविशीत मांडले होते.

निबंधाचा शेवट त्याहून बोलका आहे. या विषयात भावनेला थारा देऊ नये, आपले मत अंतिम नाही, ते कोणी साधार खोडून काढले तर आपल्याला आनंदच होईल आणि ते टिकण्याजोगे नाही असे दिसल्यास आपण ते सोडून देऊ, अशी ग्वाही त्यांनी श्रोत्यांना दिली. जातीचे चटके ज्याने अंगावर सोसले, त्याने जातीवर बोलताना असा तोल राखला. अन्यायाची चीड त्यात लपलेली नाही. पण त्या चिडेला पुराव्याची शिस्त लागली आहे. हाच त्या वर्गाचा संस्कार होता.

लंडन, बडोदा आणि सिडनहॅम

१९१६ च्या उत्तरार्धात आंबेडकर लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही संस्थांत त्यांनी प्रवेश घेतला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेला त्यांचा ग्रंथसंग्रह पहिल्या महायुद्धाच्या धुमाळीत बोटीसह समुद्रात बुडाला. बडोदा संस्थानच्या नोकरीत तर कोलंबियाच्या या पदवीधराला राहायला घर मिळाले नाही आणि शिपाई कागदपत्रे हातात न देता दुरून टेबलावर टाकू लागले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, अशी कुजबुज आरंभी विद्यार्थ्यांत होती. ती फार काळ टिकली नाही. त्यांची तयारी इतकी सखोल असे की अन्य महाविद्यालयांचे विद्यार्थीही परवानगी घेऊन त्यांच्या तासांना बसू लागले. ज्ञानाच्या बाबतीत विद्यार्थ्यांनी त्यांना मान दिला. काही सहकारी प्राध्यापकांनी मात्र अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास हरकत घेतली.

३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले, मार्चमध्ये प्राध्यापकी सोडली आणि साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साह्य व नवल भथेना या कोलंबियातील मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर पुन्हा लंडन गाठले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडण्याच्या वेळी शिरायचे ते बंद होईपर्यंत बसायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. मधल्या काळात बॅरिस्टरही झाले. या प्रबंधाला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी शिष्याच्या अनेक मतांशी असहमती नोंदवली आणि तरीही त्याच्या विचारातील ताजेपणाचे कौतुक केले. शिष्याने गुरूचे मत खोडावे आणि गुरूने त्या ग्रंथाला प्रस्तावना द्यावी, हे चर्चेच्या संस्कृतीतच घडू शकते.

पहिल्या वर्षाचा आग्रह

मुंबईत परतल्यावर वकिली, बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेतील अध्यापन आणि बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम अशी त्रिविध धावपळ चालू असतानाच मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेचा प्रश्न ऐरणीवर आला. सरकारने १९२४ मध्ये सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने पाठवलेल्या प्रश्नावलीला डॉ. आंबेडकरांनी दिलेले लेखी उत्तर हा त्यांच्या शिक्षणविचाराचा एक अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

विद्यापीठीय शिक्षणाचा हेतू काय, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर थोडक्यात असे. हे शिक्षण प्रौढ बुद्धीला साजेसे, शास्त्रीय आणि निःपक्षपाती असावे. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती आणि सिद्धान्त कोंबण्यापेक्षा त्याचे स्वत्व जागे करावे, त्याला बौद्धिक कष्टांची सवय लावावी. प्रमाण मानलेल्या ग्रंथकारांकडे चिकित्सक दृष्टीने पाहायला आणि अधूनमधून मूळ साधनांपर्यंत जायला त्याला शिकवावे. सत्य गाठणे किती मोलाचे आणि किती अवघड आहे याची जाणीव त्याला व्हावी. वस्तुस्थिती कोणती आणि निव्वळ मत कोणते हे त्याला वेगळे करता यावे. गोल्डनवायझर यांच्या वर्गात आंबेडकरांनी जे केले होते, त्याचेच हे सूत्ररूप म्हणावे लागेल.

त्यापुढचा त्यांचा मुद्दा आजच्या वाचकाला अधिक चकित करील. पदवीपूर्व शिक्षण महाविद्यालयांकडे आणि पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे, अशी विभागणी करावी असा विचार तेव्हा जोर धरत होता. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. ही विभागणी म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांची फारकत. आणि अशी फारकत झाली की दोन्हींचे नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे होते. लंडन विद्यापीठासंबंधी लॉर्ड हाल्डेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा हवाला देऊन त्यांनी सांगितले की विद्यापीठातील नामवंत अध्यापकांनी विद्यार्थ्यांना अगदी आरंभापासून शिकवले पाहिजे. नवख्या विद्यार्थ्यांशी संबंध आला तरच अध्यापकाला त्यांच्या मनाला वळण लावता येते, आपली पद्धत त्यांच्या अंगी बाणवता येते आणि त्यांतून उद्याचे संशोधक हेरता येतात.

या भूमिकेमागे अनुभव होता. बाबासाहेबांना स्वतःला विचार करायला शिकवणारा वर्ग बी. ए. झाल्यानंतर, तोही सात समुद्रांपलीकडे आणि एका राजाच्या औदार्यामुळे मिळाला. ज्याला असा राजा भेटत नाही त्याने काय करायचे? पहिल्या वर्षापासून पाठांतराचीच सवय लागलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षांनी एकदम संशोधन कर म्हटले तर ते जमणार कसे? आणि जे बहुसंख्य विद्यार्थी पदवीनंतर शिक्षण सोडतात, त्यांना तर विद्यापीठाचा खरा लाभ कधी झालाच नाही, असे होणार नाही का?

१९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य झाल्यावर त्यांनी हा धागा पुढे नेला. मार्चमधील अंदाजपत्रकावरील भाषणात, प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. फीच्या रूपाने खर्च वसूल करण्याच्या सरकारी धोरणाला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. त्याच वर्षी विद्यापीठ विधेयकावर बोलताना, बुद्धी आहे पण पैशाअभावी वा अन्य अडचणींमुळे संधी नाही, अशांपर्यंत उच्च शिक्षण नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कार्य असल्याचे त्यांनी बजावले. एका बाजूला शिक्षणाचा दर्जा आणि दुसऱ्या बाजूला त्याचा प्रसार, यांतले एकच साधेल, हा युक्तिवाद त्यांनी कधीच मान्य केला नाही. बदलापूरची शिवजयंती झाली ती याच वर्षी, कौन्सिलमधील या भाषणांच्या मधल्या काळात.

बोलका वर्ग, बोलका समाज

अध्यापनाशी त्यांचे नाते पुढेही तुटले नाही. १९२८-२९ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात शिकवत होते आणि जून १९३५ मध्ये तेथेच प्राचार्य झाले. परंतु त्यांच्या शिक्षणविचाराला मूर्त रूप मिळाले ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीमुळे. ८ जुलै १९४५ रोजी ही संस्था स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. एक बाजू सरकारची, दुसरी विरोधकांची, मधे सभापती, आणि विधेयकांवर रीतसर चर्चा. हिंदू कोड बिलासारख्या देश ढवळून काढणाऱ्या विषयावर स्वतः बाबासाहेब या संसदेत बोलले. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्यातील गोरगरिबांसाठी त्यांनी महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. मिलिंद हे नावही अर्थपूर्ण आहे. मिलिंद राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खू नागसेनाने उत्तरे द्यावीत, त्या प्रश्नोत्तरांतूनच बौद्ध वाङ्मयातील एक थोर ग्रंथ आकाराला आला. वादात हरलो तर हार मान्य करायची, हा त्या कथेतील राजाचा बाणा बाबासाहेबांना प्रिय होता.

सेमिनारमधील शिस्त त्यांनी सार्वजनिक जीवनातही पाळली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ मध्ये त्यांचे अध्यक्षीय भाषण रद्द केले तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. पुढल्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख जसेच्या तसे छापले आणि त्याखाली आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकापुढे पूर्ण ठेवूनच त्याचा प्रतिवाद करायचा, ही वर्गात शिकलेली रीत होती. संविधान सभेत तर त्याची कसोटीच लागली. मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्या सुचवण्यात आल्या; त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी कलमागून कलम आक्षेपांना उत्तरे दिली, पटले तेथे बदल स्वीकारला आणि पटले नाही तेथे कारण सांगितले. देशाची राज्यघटना एका अर्थाने जगातील सर्वांत मोठ्या सेमिनारमधून सिद्ध झाली आणि त्यात निबंध वाचणारा विद्यार्थी कोलंबियात तयार झालेला होता.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या विद्यार्थ्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

उरलेला प्रश्न

सेटलवाड समितीपुढे बाबासाहेबांनी जे मांडले त्याला सुमारे शंभर वर्षे झाली. दरम्यान किती तरी आयोग आले आणि गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही घोकंपट्टीऐवजी चर्चा, चिकित्सा आणि पदवीच्या काळातच संशोधनाची ओळख यांचा पुरस्कार केला आहे. कागदावर कोणाचाच विरोध नाही. अडचण येते ती व्यवहारात. लहान गट करायचे तर अध्यापक अधिक लागतात, आणि अध्यापकांची पदे तर वर्षानुवर्षे रिकामी राहतात. वाचून यायला सांगायचे तर ग्रंथालयात पुस्तके आणि बसायला जागा लागते; घरी जागा नसणाऱ्यांसाठी तर ती अधिकच लागते.

आणखी एक अडचण आहे, ती आकड्यांत मावत नाही. चर्चेच्या वर्गात आधी बोलतो तो इंग्रजी सफाईने येणारा, घरात पुस्तके पाहिलेला विद्यार्थी. बेलवलीहून लोकलच्या दारात लोंबकळत आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली, घरातील पहिली पदवीधर होऊ पाहणारी मुलगी गप्प बसते. तिला बोलायचे नसते असे नाही. आपले बोलणे येथे चालेल याची तिला खात्री नसते. म्हणून सेमिनार तिच्या कामाचा नाही, तिला नोट्स पुरेत, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसणाऱ्या मुलाविषयीही त्या काळाने असाच सोपा निष्कर्ष काढला होता. त्याला बरोबरीने बसायला जागा मिळाली, त्याचा निबंध कोणी तरी लक्षपूर्वक ऐकला आणि त्यावर परखड प्रश्न विचारण्याइतका त्याचा मान ठेवला, तेव्हा काय घडले ते देशाने पाहिले आहे.

गप्प बसणाऱ्याला बोलते करणे हेच बाबासाहेबांच्या पहिल्या वृत्तपत्राच्या नावात होते आणि त्यांच्या शिक्षणविचारातही तेच आहे. पदवी घेऊन बाहेर पडताना ही मुलगी चार माणसांत उभी राहून आपले मत कारणांसह मांडू शकेल की नाही, हे तिच्या अखेरच्या परीक्षेत ठरत नाही. ते पहिल्या वर्षाच्या वर्गात, तिने पहिला प्रश्न विचारला त्या दिवशी ठरते.